जादूगारीण मेली, हे टँकरवर कळलं

मंडळी, जादूच्या कादंबरीमालेच्या ज्या पाचव्या भागासाठी मी तीन वर्षं थांबले, त्याचा शेवट आज टँकरच्या रांगेत फुटला.

वाचनालयात पहिला नंबर माझा होता. शेजारच्या जोशीभाऊजींनी ग्रंथपालांशी गोड बोलून पुस्तक आधी नेलं. आज ड्रम सरकवत म्हणाले, "वहिनी, ती जादूगारीण मरते बरं का!"

"भाऊजी, मी अजून वाचलेलं नाही."

"अहो, गोष्टच तर आहे! लई मनाला लावून घेता तुम्ही."

पाणी न भरताच मी वाचनालय गाठलं आणि सहाव्या भागासाठी पहिलं नाव लिहून आले. तो आला की दोन दिवसांत वाचेन, पंधरा दिवस घरी ठेवेन आणि टँकरवर भाऊजींना रोज एकेक प्रकरण सांगेन.

'भाऊजींना माफ करा' म्हणणाऱ्यांनी खाली लिहू नये. शेवट किती मोठ्यानं सांगू, एवढंच सुचवा.