गवत नसलेली कबर

माझी व्हर्लीन मावशी दक्षिणेतल्या अलाबामाची. चौतीस वर्षांपूर्वी लग्न करून ती उत्तरेत, डुलुथला आली आणि त्या दिवसापासून इथल्या थंडीला, बेचव जेवणाला आणि लोकांच्या घुमेपणाला नावं ठेवतेय. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकवीस वर्षं काढली. चहा गरम असतानाच त्यात साखर विरघळवायची आणि मग तो गार करून प्यायचा, एवढी साधी गोष्ट इथल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरली नाही, असं ती सांगते. तरी ती सुखात आहे. आमच्याकडची माणसं सुखात असली की जास्त कुरकुरतात. मला नर्सिंग शिकायला इथे तिनंच बोलावून घेतलं.

तिचा नवरा, आर्विड काका, इथलाच, बंदरावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. दोघांचं खरं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, मेल्यावर पुरायचं कुठे. गावाकडच्या चर्चमागे, माझ्या आजीशेजारी, मावशीनं दोन जागा धरून ठेवल्या होत्या. काका म्हणायचा, "मी इथला. मला इथंच ठेवा." म्हणजे दोघं एकमेकांपासून हजार मैलांवर.

"इथं माणूस पुरतात आणि विसरतात," मावशी म्हणायची. "वरून यंत्रानं गवत कापलं, की झालं यांचं कर्तव्य!"

मे महिन्यातला दुसरा रविवार आमच्याकडे कबरींचा. सगळं गाव जमतं, कबरीवरचं गवत खरवडतं, माती वर ओढून उंचवटा करतं, फुलं ठेवतं आणि तिथंच चादरी अंथरून जेवतं. गवत माजलेली कबर म्हणजे मागं कुणी उरलं नाही, अशी लाज. मावशीनं एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. दोन दिवस ती तोंड फुगवून बसली. तिसऱ्या दिवशी उठून तिनं कोंबडी तळायला घेतली.

"सासऱ्याची कबर आहे ना इथं? चल. खुरपं घे."

काकानं आम्हाला कबरस्तानात सोडलं आणि स्वतः गाडीत पेपर वाचत बसला. मावशी घडीच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती, मी गुडघ्यांवर बसून खुरपत होते. गवत इतकं दाट, इतकं जोपासलेलं, की मलाच वाईट वाटत होतं. अर्धी कबर उघडी झाली आणि राखणदार ओरडत धावत आला.

"अहो बाई! काय चाललंय हे? कबर उकरताय?"

"उकरत नाहीये, साफ करतेय!" मावशी कडाडली. "तुम्ही गवत वाढवून ठेवलंय, लाज नाही वाटत?"

"त्या गवतावर बारा वर्षं घालवलीत मी!"

मी खुरपं मागं लपवलं. तेवढ्यात काका गाडीतून उतरला. आता हा मावशीला सगळ्यांसमोर झापणार, असं वाटलं. त्यानं उघडी माती बघितली, मग राखणदाराला म्हणाला, "माझा बाप आहे. गवत मी परत लावून देईन. आधी जेवण होऊ दे. तुम्हीही बसा."

राखणदार कोंबडीच्या वासानं नरमला आणि बसला. काकानं तंगडी उचलली आणि आपणहून बोलायला लागला. बाप बंदरावरून यायचा तेव्हा त्याच्या कानातसुद्धा लोहखनिजाची लाल धूळ असायची. रविवारी तो आपले कान मुलांकडून धुऊन घ्यायचा, एका कानाला एक गोड गोळी बक्षीस. राखणदार खो खो हसला. चौतीस वर्षांत मावशीनं यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं.

हाड बाजूला ठेवून काका म्हणाला, "व्हर्लीन, तिकडच्या त्या दोन जागा आहेत ना अजून?"

"आहेत. का?"

"तिकडेच जाऊ आपण."

"तुला तिथला उकाडा सोसत नाही. दोन दिवसांत रडकुंडीला येतोस."

"मेल्यावर कुठला घाम यायला! आणि तिथं वर्षातून एकदा माणसं जेवायला तरी येतात."

मावशी रडली, राखणदारासमोर, तोंड न झाकता. मग नाक पुसून माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? वाढ तुझ्या काकाला."