बालवाडीच्या बाईंची पावडर

अंजूरच्या बालवाडीतल्या बाईंच्या चेहऱ्यावर पावडरीचा जाड थर असे; मान मात्र काळीसावळी. माझ्या सावळ्या नातीलाही तिची आई "जरा उजळ दिसते" म्हणून तशीच पावडर लावून पाठवी.

प्रत्येक वाक्याअखेर "हाय की न्हाय?" विचारून बाई उत्तरासाठी खरोखर थांबत. एकदा त्या मुलांना, गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा न सोडणाऱ्या अमेरिकेतल्या काळ्या बाईची गोष्ट सांगत होत्या.

"रंगानं कोनी कमी होत न्हाय. हाय की न्हाय?"

नातीने विचारले, "मंग तुमी पावडर कशाला लावता?"



दुसऱ्या दिवशी बाई धुतलेल्या, सावळ्या चेहऱ्याने दारात उभ्या होत्या. नात बघत राहिली. मग तिने आपला गाल त्यांच्या पदराला पुसला. बाईंनी पदर सोडवून घेतला नाही.