त्यांनी सही केली नाही

त्यांना काहीही विचारलं की ते आधी चष्मा काढत, शर्टाच्या टोकाने पुसत, पुन्हा घालत आणि म्हणत, "आत्ताच नाही सांगता येत ना बाप्पा." प्रश्न चहा की कॉफी एवढाच असला तरी.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. यांना काही ठरवता येत नाही, असं तुम्हीही माझ्यासारखंच ठरवून टाकलं असेल. माझं मत नंतर बदललं, मग पुन्हा बदललं, आणि अजूनही ते कुठे नीट बसलेलं नाही.

नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या ऑफिसचं काम जुन्या काँक्रीटच्या दुरुस्तीचं. जुने पूल, पाण्याच्या टाक्या, कमानी. शंभरीला टेकलेली, पण पाडायची नाहीत असं ठरलेली बांधकामं. ते नागपूरचे, पंचवीस वर्षं इथे परदेशात. मी पुण्याहून आलेली, इथलं इंजिनिअरचं लायसन्स नुकतंच हातात पडलेलं. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, "सर नको म्हणू पोरी, इथं मॅनेजरलाही सगळे नावाने हाक मारतात." "मग काय म्हणू?" त्यांनी चष्मा काढला. शेवटी मीच काका ठरवलं.

ब्रॅम्पटनच्या त्यांच्या बौद्ध मंडळाची एप्रिलमध्ये जोरदार जयंती असे. एका वर्षी मला आग्रहाने बोलावलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनी दोनशे मांडल्या, पन्नास काढल्या, पुन्हा वीस मांडल्या. कार्यक्रम सुरू झाला तरी हे मागे भिंतीशी, दोन्ही बगलांत एकेक घडीची खुर्ची धरून उभे. सगळे हसत होते. मग दोन बायका उशिरा आल्या आणि त्यांना बरोबर त्याच दोन खुर्च्या मिळाल्या. मी तेव्हापासूनच जरा गोंधळले होते.

त्यांच्या कॉन्डोच्या बाल्कनीत मी एकदा सिमेंटच्या वड्या पाहिल्या. अगदी बर्फीच्या आकाराच्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर नंबर. जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं तर त्याचा रंग आणि पोत मूळ काँक्रीटसारखा हवा, आणि तो ऊन-बर्फ खाल्ल्यावरच कळतो, म्हणून हे वेगवेगळी वाळू घालून वड्या पाडत आणि वर्षभर बाहेर ठेवत. काकू म्हणाल्या, "माझ्या तुळशीला जागा नाही, पण यांच्या दगडांना आहे." काका म्हणाले, "सात नंबरची बरी दिसते." मग जरा थांबून, "ओली असताना."

आम्ही दोघांनी एकत्र केलेलं मोठं काम म्हणजे सरोवराच्या काठावरची ती इमारत. पोहायला येणाऱ्यांसाठी कोण्या काळी बांधलेली. आत कपडे बदलायच्या खोल्या, पुढे कमानींचा व्हरांडा, सगळं काँक्रीटचं. ओतकाम करताना लावलेल्या लाकडी फळ्यांच्या रेषा भिंतीवर गाठींसकट उमटलेल्या. काका त्या रेषांवरून बोट फिरवत आणि हातोडीने हळू टकटक करत पुढे सरकत. भरीव आवाज, भरीव आवाज, मग एकदम पोकळ. तिथे ते खडूने गोल काढत. तुकडा फोडून त्यावर औषधाचा फवारा मारला की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, खराब झालेलं तसंच करडं राहतं. दर्शनी भिंत बऱ्यापैकी गुलाबी निघाली. मी खूश झाले. काका खूश दिसले नाहीत, नाखूशही दिसले नाहीत.

इमारत गावाच्या मालकीची, आणि गावाला ती उन्हाळ्याच्या आत उघडायची होती. ठिगळं लावायची, वरून पाणी न शिरू देणारा पांढरा लेप द्यायचा, असा प्लॅन. काकांनी मीटिंगमध्ये एवढंच सांगितलं, "भिंतीत पाणी बाहेरून येतं की मागच्या मातीतून, ते मला कळलं नाही अजून. एका कोपऱ्यात लेप लावून एक हिवाळा बघू." मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. गावाचा माणूस म्हणाला, एक हिवाळा आमच्याकडे नाही. काकांनी सही केली नाही.

मग फाइल माझ्याकडे आली. प्लॅनची जबाबदारी घेणारा लायसन्सचा शिक्का, माझा पहिलाच. मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"काका, मी साइन करू का?"

"तुला काय वाटतं?"

मी भडाभडा बोलले. गुलाबी रंग, टेस्ट रिपोर्ट, लेप बनवणाऱ्यांची गॅरंटी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बरं," म्हणाले. नको म्हणाले नाहीत. कर, असंही म्हणाले नाहीत. मी शिक्का मारला.

इमारत पांढरीशुभ्र दिसली. लोकांनी फोटो काढले. काका त्याच वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या केकसमोर मला मनात त्यांची थोडी कीवच आली.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर गावाकडून फोन आला. मी गेले तेव्हा दर्शनी भिंतीवर लेपाला फोड आले होते, एक मोठा पापुद्रा खाली पडला होता आणि त्याला चिकटून काँक्रीटचा वरचा थर, त्या फळ्यांच्या रेषांसकट. पापुद्र्यामागची भिंत ओलीच होती. लेपाने आतलं पाणी आतच कोंडलं होतं, आणि ते गोठून फुगलं होतं. इमारत बंद होती म्हणून कोणाला लागलं नाही. ज्या व्हरांड्यात मुलं आइसक्रीम खात बसतात, तिथेच ते तुकडे पडले होते.

पण घोळ पुढेच आहे. मागची उत्तरेची भिंत कोणाला दिसत नाही म्हणून तिला लेप दिलाच नव्हता. तीही तडकली होती. म्हणजे लेप नसता तरी हे झालं असतं? मग चूक नक्की कशाची? मला काही समजेना. सगळ्यात जास्त राग आला तो काकांचा. माहीत होतं तर ठणकावून सांगायला काय झालं होतं?

ते एव्हाना ब्रॅम्पटनला मुलीच्या घरी राहायला गेले होते. हृदयाचं दुखणं निघालं होतं, आवाज बारीक झाला होता. मी बुटांसकट आत शिरणार होते, इतकी तावात होते.

"तुम्हाला माहीत होतं ना काका, लेप सुटणार ते?"

"नाही ना. नव्हतं माहीत. म्हणून तर सही केली नाही."

"मग मला तरी थांबवायचं!"

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तुला माहीत असेल. तू इतकं भरभर बोलत होतीस." मग म्हणाले, "माझं चुकलं ते. मी विचारायला पाहिजे होतं, की पोरी, तुला भीती वाटते का?"

वाटत होती. तेव्हाही वाटत होती. मी तिथेच सोफ्यावर बसून रडले आणि काकूंनी पाणी आणून दिलं.

पुढच्या शनिवारी मी त्यांना गाडीतून तिथे घेऊन गेले. डॉक्टरांना विचारलं नाही. ते मोडलेल्या भिंतीकडे फार पाहत बसले नाहीत. इमारतीच्या मागे गेले, जिथे मातीचा चढ भिंतीला टेकतो, आणि मला गवत उपटायला लावलं. तासाभराने एक पाइप सापडला. पावसाचं पाणी भिंतीपासून दूर न्यायला घातलेला, मुळांनी आणि मातीने गच्च भरलेला.

"हेच कारण, काका?"

"हेही असेल," ते म्हणाले.

मी अहवालात माझी चूक स्पष्ट लिहिली. गावाने लेप काढून टाकला, पाइप मोकळा केला आणि या खेपेला गाव थांबायलाही तयार झालं. भिंती सध्या उघड्याच आहेत. त्या वाळताहेत असं मला वाटतं. मी दर सोमवारी जाऊन पाहते; काही सोमवारी वाटतं, काही सोमवारी नाही. काका त्यानंतरच्या जानेवारीत गेले.

त्या शनिवारी परतताना हायवेला लागल्यावर ते झोपले होते. मांडीवर मातीने माखलेले हात, तोंड थोडं उघडं. घराच्या ड्राइव्हवेत गाडी उभी केली तरी जागे झाले नाहीत. उठवावं की झोपू द्यावं, मला कळेना. मी इंजिन चालू ठेवलं, हीटर थोडा वाढवला आणि काकू दार उघडून बाहेर येईपर्यंत तशीच बसून राहिले.