माने बापू आणि ड्रॉवरमधला अर्ज

गेल्या सोमवारी शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या मी एक गुन्हेगार पकडला... म्हणजे दुपारपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

मी लोहारा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. आमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींचा एक प्रोग्राम आहे. नाव टाकलं की नोंद कुठल्या रजिस्टरच्या कितव्या पानावर आहे ते कळतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून काढलेली रजिस्टरं ती, हात लावला की पानांचे तुकडे पडतात. म्हणून आधी कम्प्युटर, मग कपाट, असा आमचा नियम आहे.

हा सगळा डेटा भरला माने बापूंनी. माझ्या आधीचे क्लार्क, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले.

तर सोमवारी कोमल नावाची एक मुलगी आजोबांना घेऊन आली. तिच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा हवा होता, आणि कागद अपलोड करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. “म्या आठवीपतूर हितंच व्हतो की,” म्हणत आजोबा बाकावर निवांत टेकले. कोमल मात्र उभीच होती.

मी प्रोग्राम उघडला. ‘डेटाबेस सापडत नाही.’ बंद केला, परत उघडला... तेच.

मग यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला. असा प्रोग्राम ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमार्फत डेटाबेसशी जोडलेला असतो म्हणे, आणि ते कनेक्शन ओडीबीसी नावाच्या खिडकीत दिसतं. मी ती खिडकी उघडली. यादी रिकामी! चक्क कोरी.

आपोआप काही पुसलं जात नाही. कुणीतरी पुसलंय... आणि कुणी, ते मला लगेच कळलं.

हा प्रोग्राम शेवटचा उघडला गेला तो एप्रिलमध्ये, बापू आले होते तेव्हा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची यादी काढायची म्हणून तासभर कम्प्युटरवर बसले. मी डबा खाऊन आले तर बापू पेन ड्राइव्ह खिशात टाकत उठले, “झालं माझं,” म्हणाले आणि गेले. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, आता सगळंच वाटायला लागलं. रिटायर झाल्यावर त्यांनी अर्धवेळ काम मागितलं होतं आणि संस्थेनं नाही म्हटलं होतं. डूख धरला म्हाताऱ्यानं, दुसरं काय!

रागाच्या भरात मी हेडमास्तरांच्या नावानं अर्ज लिहिला. ‘सेवानिवृत्त लिपिक श्री. माने यांनी संगणकातील माहिती काढून टाकल्याचा दाट संशय आहे.’ दाट हा शब्द मागाहून घातला. सर तालुक्याला मीटिंगला गेले होते, म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

मग बापूंना फोन लावला. “एप्रिलमध्ये तुम्ही कम्प्युटरवर नेमकं काय केलं होतं?” “येतो,” म्हणाले आणि फोन ठेवला. निर्दोष माणूस आधी विचारेल ना, की काय झालं म्हणून?

बापू शेतातून तसेच गाडीवर आले, पायाला चिखल. खुर्चीत बसले. मी मागं उभी राहून मोबाईलवर त्यांच्या हातांचा व्हिडिओ सुरू केला... पुरावा नको का?

“ताई, ही खिडकी न्हाय. हिच्यासारखीच दुसरी हाय, बत्तीस बिटची. आपला प्रोग्राम लई जुना हाय, त्याला तीच लागती.” त्यांनी ती उघडली. कनेक्शन जागच्या जागी होतं. कुणी काही पुसलेलं नव्हतं.

मग त्यांनी फाईलचा पत्ता बघितला. डी ड्राइव्ह, फोल्डरचं नाव उस्मानाबाद. डी ड्राइव्ह उघडला तर तिथं उस्मानाबाद नावाचं फोल्डरच नाही... धाराशिव नावाचं होतं.



जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून मे महिन्यात शाळेचा नवा बोर्ड लागला. शिक्के बदलले, लेटरहेड बदललं. “जुनं नाव कुठंच राहायला नको,” सर म्हणाले होते. मी कामाची पक्की, कम्प्युटर साफ करताना फोल्डरचं नावही बदलून टाकलं. कनेक्शन बिचारं जुन्याच पत्त्यावर शोधत होतं.

व्हिडिओ चालूच होता. मी गुपचूप बंद केला.

“नाव हाय तेच ऱ्हाऊ द्या. कनेक्शनला नवा पत्ता सांगा,” बापू म्हणाले. “थांबा, माझा कागद हितंच आसंल.” मी अडवायच्या आत त्यांनी ड्रॉवर उघडला. सगळ्यात वर माझा अर्ज. चष्मा त्यांच्या डोळ्यावरच होता. त्यांनी अर्ज अलगद बाजूला केला, खालून निळ्या शाईत लिहिलेला एक कागद काढला आणि मला खुर्चीत बसवलं. “चला, तुमीच करा.” कुठली खिडकी, कुठला ड्रायव्हर, कुठं क्लिक करायचं, सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं होतं. माझ्यासाठीच ठेवलं होतं, दोन वर्षांपासून.

प्रोग्राम उघडला, रजिस्टरचं पान सापडलं आणि पर्यवेक्षकांची सही होऊन पावणेचारला उतारा कोमलच्या हातात पडला. ती धावतच निघाली, आजोबा मागून “आगं हळू” करत.

बापू दारापर्यंत गेले आणि वळले. “ताई, तो वरचा कागद फाडून टाका. सरांच्या हाती लागला तर उगी तुमालाच प्रश्न इचारतील.”

मला रडूच कोसळलं. काहीतरी बोलायला पुढं झाले, तर बापूंनी गाडीला किक मारली होती.

अर्ज फाडला. निळ्या शाईच्या कागदावर नवा पत्ता लिहून तो परत ड्रॉवरमध्ये ठेवलाय, सगळ्यात वर. आणि हे सगळं इथं लिहितेय, कारण बापू फेसबुकवर आहेत आणि समोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही...

बापू, चुकले मी.