पायाखालचे धने

धने रगडल्याचा वास आला की लातूरच्या आमच्या कॉलनीची बाग आठवते. मी सातवीत शाळा सोडलेली, देगलूरकडून नवीनच भाड्यानं राहायला आलेली. तरी कॉलनीनं मला एक वाफा दिला, पण उगवलं नाही तर परत घेऊ असं बजावूनच. थंडीचे दिवस, काळी ओलसर माती. मी फरशीवर धने पसरले आणि अनवाणी पायानं रगडू लागले. शेजारच्या वाफ्यातले रिटायर मास्तर ओरडले, "अगं, अन्न हाय ते! पायानं तुडवून राहिलीस?" बायका हसल्या. "फुटून दोन डाळी झाल्या की लौकर उगवतंय, मास्तर," एवढंच मी कसंबसं म्हणाले. मग रोज सकाळी उठून आधी वाफा बघायचा. दहाव्या दिवशी माझ्या वाफ्यावर हिरवी लव उठली होती. मास्तरांनी त्याच दिवशी अख्खे पेरलेले धने मात्र अजून मातीतच! त्यानंतर तिसऱ्या दिवशी मास्तर नवे धने घेऊन आले, सगळ्यांदेखत चपला काढल्या, धन्यांना हात लावून तो कपाळाला लावला आणि त्यांच्यावर उभे राहिले. "हं, सांग बाई, किती रगडायचं?" आता इथं सुरतेत, गॅलरीतल्या कुंडीसाठी धने रगडताना मीही आधी वाकून नमस्कार करते, मगच पाय ठेवते.