रोवण्यातली बारावी पात

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. आम्ही बौद्ध, घरात अंगारे-धुपारे कधी शिरले नाहीत, त्यात मी नर्सिंग शिकलेली. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचून मी भरपूर हसलेय. आता तुम्ही हसा.

ऑगस्ट २००७. आमचं गाव आमगाव तालुक्यातलं. कंत्राटी नर्सच्या जागेसाठी मला गोंदियाला मुलाखतीचं पत्र आलं होतं. त्याआधीच्या दोन मुलाखतींत साहेबांसमोर बसल्याबरोबर माझी बोबडी वळली होती. मामांनी डोंगरगडकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. या वेळी जमलं नाही तर हो म्हणायचं, असं घरात ठरलेलं. मुलगा वाईट नव्हता, पण त्या लोकांना सून घरातच हवी होती. आईने एकटीने मजुरी करून मला शिकवलं, ते सगळं पाण्यात जाणार याची मला खरंच भीती वाटत होती.

मुलाखत चार दिवसांवर आणि नेमके रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस. मी घरात पुस्तक घेऊन बसले तर आई म्हणाली, "घोकून काय होते? लोकाइसमोर बोलाची सवय पायजे. चाल बांधीत."

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. बायका एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात. प्रत्येकीची आपापली पट्टी असते, तिला पात म्हणतात. त्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. डाव्या टोकाची शेवटची पात माझी, उजवीकडे आई. माझ्या डाव्या हाताला नुसता मोकळा चिखल.

बायकांनी माझा इंटरव्ह्यू सुरू केला. टोळीची म्होरकी कौसल्याबाई मॅडम झाली. "सांग बाई, सुई हळू टोचशीन का जोरानं?" दुसरी म्हणाली, "नौकरी लागल्यावर आमाले ओळख देशीन का नाई?" हसता हसता माझी जीभ सुटली. मी मोठ्याने, न अडखळता उत्तरं देत होते.

तेवढ्यात डावीकडून प्रश्न आला, "बाळंतीण नाई वाचली, तं तिच्या मायले काय सांगशीन?"

मी वाकलेलीच होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून दोन हात दिसले, भराभर रोपं लावणारे. आईने मान वर न करताच सुनावलं, "असं वंगाळ कायले विचारून रायली वो?" मी पुढची रोपं लावत राहिले. पुस्तकात तो प्रश्नच नव्हता.

दुपारी बांधावर जेवायला बसलो तेव्हा आम्ही अकराच. "माझ्या डाव्या हाताले ते कोन होती?" मी विचारलं. कौसल्याबाई म्हणाली, "तुमी मायलेकीच तं बोलत होत्या ना?"

जेवून परत चिखलात उतरलो आणि बघतो तर माझ्या डावीकडे एक पात लावलेली. सुबक, एकसारखी, आम्ही सगळ्या जिथवर आलो होतो बरोबर तिथवर. आम्ही सगळ्यांनी मोजलं, कौसल्याबाईने दोनदा. बारा. काही जणींनी लगेच गावातल्या, बाळंतपणात गेलेल्या एका बाईचं नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. तिच्या घरचे लोक तिथेच राहतात, आणि मला ते पटलंही नाही. त्या पातीला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी आईच तिथे जाऊन उभी राहिली. "अर्धी कशी ठेवाची?" म्हणाली, आणि तिने ती पूर्ण केली.

मुलाखत घ्यायला तिघं होते. पहिल्या दोन प्रश्नांना मी अडखळले, संपलंच असं वाटलं. मग मधल्या डॉक्टर मॅडमनी फाईल मिटली आणि विचारलं, "बाळंतीण दगावली, तर तिच्या आईला काय सांगाल?"

चार दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मी म्हणाले, "आधी तिच्याजवळ जाऊन बसेन. मग खरं ते सांगेन. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळू देणार नाही." मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी ऑर्डर आली.

माझे मिस्टर म्हणतात, नर्सला असा प्रश्न कुणीही विचारेल. बाई शेजारच्या बांधीतली असेल, आणि पाती मोजण्यात तुम्ही चुकलात. असेलही. अकरा जणी एकदम चुकल्या, असं धरून चालू.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत तसं जाऊन बसण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली. दुसऱ्यांदा सालेकशाकडच्या एका टोल्यावर, छोट्याशा वस्तीत. ती आई बराच वेळ माझा हात धरून होती. मग म्हणाली, "बाई, तुले असं बसाले कोनं शिकवलं?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.