न अडखळता दिलेलं उत्तर

औषधशास्त्राचा पेपर गुरुवारी होता. आदल्या रविवारी मी बीडच्या नर्सिंगच्या हॉस्टेलातून सिरसाळ्याला घरी आले, ती केवळ अण्णांसमोर पाठांतर म्हणून दाखवायला. हॉस्टेलात मैत्रिणी होत्या, पण दोन औषधं झाली की त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. वडील तसे नव्हते. आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक आलं तरी एका हातानं डाळ तोलत दुसऱ्या हाताचं बोट ते कार्डावरच ठेवायचे.

कार्डं म्हणजे चहापत्तीची रिकामी खोकी कापून केलेले पुठ्ठ्याचे तुकडे. एकेकावर एकेका औषधाचं नाव, तेही मराठी अक्षरांत, कारण अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत आणि इंग्रजीशी त्यांचा उभा दावा. ते नाव वाचायचे आणि मी त्या औषधाचं काम, डोस, दुष्परिणाम, नर्सनं घ्यायची काळजी असं सगळं इंग्रजीत धडाधडा म्हणून टाकायचे. पेपर इंग्रजीतच लिहायचा होता. अण्णांना त्यातलं अक्षर कळत नसे. तरी निकाल मात्र तेच द्यायचे.

"तुमाला कसं कळतं, बरोबर हाय का चूक?" मी एकदा चिडवलं होतं.

"आडखळली न्हाईस की बरोबर. आडखळलीस की चूक, परत म्हन."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना शुगर निघाली होती. रोज सकाळी नाश्त्याबरोबर एक गोळी सुरू झाली. सुरुवातीला ते ती चार-दोन वेळा विसरले, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. "एक दिवस जरी गोळी चुकली तर माझ्याशी बोलू नका," मी म्हणाले. वडिलांना मी पहिल्यांदाच रागावत होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. घरात शहाणी मी एकटी, असा तोरा होता माझा. अण्णांनी ऐकलं. त्यानंतर गोळी एकदाही चुकली नाही.

त्या रविवारी दुपारी गठ्ठ्यातून नेमकं तेच कार्ड निघालं.

"ही तुमचीच गोळी, अण्णा."

ते मांडी सावरून ताठ बसले. "मंग ही नीट म्हन, माय."

मी नीट म्हटलं. शेवटचा मुद्दा होता: पेशंट उपाशी असेल तर ही गोळी देऊ नये, साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. तोही इंग्रजीत, एका दमात. अण्णा "बरोबर" म्हणाले आणि त्यांनी कार्ड पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार होता. त्या दिवशी आमच्याकडे निरंकार उपास असतो. संध्याकाळी महादेवाची पूजा होईपर्यंत पोटात अन्नाचा कण जात नाही. हे मला कळत्या वयापासून माहीत. ते मुद्देही मला तोंडपाठ. पण पेपर डोक्यात होता आणि अण्णा घरात होते, या दोन गोष्टी मी एकत्र आणल्याच नाहीत. सकाळी एसटीत बसून मी पुढची कार्डं घोकत बीडला गेले.

आईनं नंतर सांगितलं. अण्णांच्या हातात गोळी बघून ती म्हणाली होती, "आज उपास हाय ना? मग कामून घेता?"

"उपास माझा हाय, गोळीचा न्हाई. पोरगी लई रागावती," म्हणत त्यांनी घोटभर पाण्याबरोबर ती गिळली.

दुपारी ते दुकानात साखरेच्या पोत्याला टेकून बसले होते. सदरा घामानं भिजलेला. आईला वाटलं, उपासानं थकलेत, डोळा लागला असेल. एका गिऱ्हाइकानं बऱ्याच हाका मारल्या, तेव्हा कुठं कळलं. मूठभर साखर वेळेवर तोंडात गेली असती तर माझे अण्णा माझे अण्णाच राहिले असते. पाठीला अख्खं पोतं होतं.

जीव वाचला. पण साखर फार वेळ उतरलेली राहिली आणि मेंदूला इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी काकांनी मला ओढूनच पेपरला नेऊन बसवलं. त्याच गोळीवरचा प्रश्न आला. मी सगळे मुद्दे लिहिले, शेवटचाही. कुठंच अडखळले नाही, याची मला आजही किळस येते. त्या विषयात मी वर्गात पहिली आले.

आता मी नर्स आहे. गोळी हातात देताना मी मराठीत समजावते आणि मग म्हणते, आता तुम्ही मला सांगा. लोक वैतागतात. वैतागू देत.

अण्णा घरीच असतात. कधी मला आत्या समजतात, कधी नुसतं बघत राहतात. मागच्या सुट्टीत मी ते जुनं कार्ड शोधून त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता आलं नाही, पण बोट मात्र बरोबर अक्षरांवर गेलं. मी समोर बसले आणि पहिल्यांदाच मराठीत सुरुवात केली.

"अण्णा, पोटात काही नसलं तर ही गोळी…"

तिथंच मी अडखळले. अण्णा बोट तसंच ठेवून थांबले होते.

"चूक," ते म्हणाले. "परत म्हन."